बारा वर्षे पूर्ण झालेला रुग्ण

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर नावानंतर विचारतात ते वय. साडेअकरा सांगितले तर कागद बालरोग विभागाकडे जातो, साडेबारा सांगितले तर मेडिसिनकडे. आपल्याकडच्या बहुतेक सरकारी रुग्णालयांत ही रेघ बारा वर्षांवर ओढलेली आहे. बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, अठरा वर्षांपर्यंतचा रुग्ण आपला मानते. पण खाटा किती, त्यांची लांबी किती आणि वॉर्डात आईला टेकायला जागा आहे का, या गोष्टी संघटनेचे ठराव वाचून ठरत नाहीत. त्यामुळे तेरा ते अठरा वयाची मुले धड कुणाचीच नसतात. लहान मुलांच्या खाटेवर पाय मावत नाहीत म्हणून त्यांना मोठ्यांच्या वॉर्डात हलवतात. तिथे एका बाजूला दारूने यकृत गेलेला माणूस असतो, दुसऱ्या बाजूला लकव्याचे आजोबा. पोरगा दोन दिवस कोणाशी बोलत नाही, आणि त्याच्याशी काय बोलावे हे डॉक्टरलाही कोणी शिकवलेले नसते.

ताप, जुलाब, न्यूमोनिया अशा येऊन जाणाऱ्या दुखण्यांत या रेघेने फारसे बिघडत नाही. पंचाईत होते ती लहानपणी येऊन कायमच्या मुक्कामाला राहणाऱ्या आजारांत: हिमोफिलिया, थॅलेसेमिया, जन्मजात हृदयदोष, टाइप वन मधुमेह, फिट्स, बालपणी सुरू होणारा संधिवात. पन्नास वर्षांपूर्वी यांतली बरीच मुले मोठी होतच नसत. मोठेपणी त्यांना कोण बघणार, हा प्रश्न बालरोगशास्त्राच्या यशाने निर्माण केला आहे. त्याचे एक उत्तर म्हणजे लहान आणि मोठे अशा दोन्ही वयांचे शिक्षण घेतलेला तज्ज्ञ. काही देशांत तो ठरवून घडवतात. आपल्याकडे तो काही शाखांत न ठरवताच घडत गेला, आणि घडताना अर्धवट राहिला.

लहान आणि मोठ्यांच्या वैद्यकातली ही भिंत किती नवी आहे ते मिरजेवरून चांगले कळते. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तिथे १८९४ मध्ये रुग्णालय उघडले आणि पुढच्या काही वर्षांत डॉक्टर शिकवायची शाळाही काढली. मोतीबिंदूची म्हातारी, मुतखड्याने तळमळणारे पोर आणि अडलेली बाई एकाच डॉक्टरच्या हाताखालून जाण्याचा तो काळ. मुंबईत परळला वाडियांचे मुलांचे रुग्णालय १९२९ मध्ये सुरू झाले. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांना प्रमाणपत्र देणारे मंडळ १९३३ चे, मोठ्यांच्या फिजिशियनांचे १९३६ चे. आपली बालरोग अकॅडमी १९६३ ची, मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापेक्षा एकाच वर्षाने धाकटी. आणि एमबीबीएसच्या शेवटच्या परीक्षेत बालरोग हा स्वतंत्र विषय झाला तो १९९७ च्या नियमांनी. त्याआधी मूल मेडिसिनच्याच पेपरात कुठेतरी असायचे. म्हणजे आज साठीला आलेले, कराड-इस्लामपूरकडे प्रॅक्टिस करणारे कित्येक डॉक्टर ही भिंत पुरती बांधून होण्याआधी शिकले.

हाडांच्या डॉक्टरांनी तर ती कधी नीट बांधलीच नाही. मिरज अस्थिरोगासाठी नावाजलेली आहे. तिथल्या ओपीडीत जन्मजात वाकड्या पावलाचे बाळ आणि खुब्याचे हाड मोडलेली आजी एकाच बाकावर बसतात, आणि कुणाला त्यात वावगे वाटत नाही. भिंत उंच झाली ती औषधांनी बरे करणाऱ्या शाखांत.

भिंत बांधण्यात मूर्खपणा मात्र नव्हता. मूल म्हणजे छोट्या मापाचा माणूस नव्हे, हे बालरोगशास्त्राने शंभर वर्षे घसा कोरडा करून सांगितले आणि त्यामुळे लाखो मुले वाचली. मुलाची प्रत्येक मात्रा वजनावर ठरते. नाडी, श्वास, रक्तदाब यांचे नेहमीचे आकडे वयाप्रमाणे बदलत जातात. आजाराची हकिकत आई सांगते, आणि वाढ खुंटली हेच कधी कधी एकमेव लक्षण असते. मोठ्यांच्या डॉक्टरला यातले बरेचसे येत नाही. त्याला येते ते दुसरे: एकाच माणसात तीन आजार आणि सहा गोळ्या एकत्र कशा नांदवायच्या, तंबाखू-दारूबद्दल नेमके कधी विचारायचे, गरोदरपणात कुठले औषध थांबवायचे, नोकरीसाठी कसला दाखला द्यायचा. आजन्म चालणाऱ्या आजारात हे सगळे एकाच रुग्णाला लागते, फक्त वेगवेगळ्या वर्षी.

साताऱ्याचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात हिमोफिलियासाठी सरकारी डे-केअर केंद्रे सुरू झाली तेव्हा मुंबईचे केईएम, ठाणे, नाशिक, अमरावती आणि सातारा ही सुरुवातीची ठिकाणे होती. साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय या यादीत आले, ही माण-खटाव, पाटण, जत, आटपाडीच्या घरांसाठी फार मोठी गोष्ट होती. त्याआधी गुडघा सुजला की पुणे किंवा मुंबई गाठावी लागे, आणि तोवर सांध्यात उतरलेल्या रक्ताने करायचे ते नुकसान केलेले असे.

हिमोफिलियात रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी एक कमी असते. आठवा फॅक्टर कमी असला तर ‘ए’ प्रकार, नववा कमी असला तर ‘बी’. ‘ए’ साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो, ‘बी’ तीस हजारांमागे एकाला. दोष एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे आजार बहुतांशी मुलग्यांना होतो. आई वाहक असेल तर तिच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. जवळपास एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात मात्र आधी कुणालाच तो नसतो, म्हणून ‘आमच्यात कुणाला नाही हो असलं काही’ हे खरे असले तरी निदान त्याने खोटे ठरत नाही. फॅक्टर एक टक्क्याहून कमी असला तर आजार तीव्र. मग मूल रांगायला लागले की गुडघ्यांवर निळे डाग उठतात, चालायला लागले की घोटा सुजतो, आणि शेजारीपाजारी आईकडे संशयाने बघू लागतात की ही मारते की काय.

या टप्प्यावर लागतो तो बालरोगतज्ज्ञ. गुबगुबीत हातात शीर शोधायची असते. लस टाळायची नसते; बारीक सुईने देऊन टोचलेली जागा पाच मिनिटे दाबून धरायची असते. मात्रेचा हिशेब तसा सोपा आहे: किलोमागे एक युनिट आठवा फॅक्टर दिला की रक्तातले प्रमाण दोन टक्क्यांनी वाढते. गुडघ्यातल्या रक्तस्रावासाठी ते चाळीस टक्क्यांवर न्यायचे तर किलोला वीस युनिट, म्हणजे वीस किलोच्या मुलाला चारशे. नवव्या फॅक्टरचे गणित निराळे; तिथे एका युनिटने एकच टक्का वाढतो. आठवा फॅक्टर मोठ्या माणसाच्या रक्तात आठ-बारा तासांत निम्मा होतो, लहान मुलात त्याहून लवकर, म्हणून पुढच्या मात्रेची वेळही वयावर ठरते. शिवाय तीव्र ‘ए’ प्रकारातल्या सुमारे तीस टक्के रुग्णांचे शरीर बाहेरून दिलेल्या फॅक्टरलाच शत्रू समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. हे घडते ते बहुधा पहिल्या पन्नास मात्रांच्या आत, म्हणजे बालपणातच. ‘फॅक्टर लावूनही सूज उतरत नाही’ असे आई सांगते तेव्हा ते गांभीर्याने घेणारा डॉक्टर समोर असावा लागतो.

आता तोच मुलगा चाळिशीचा झाला असे धरा. वजन सत्तर किलो, त्याच चाळीस टक्क्यांसाठी चौदाशे युनिट. एक गुडघा कायमचा आखडलेला. जुन्या काळी दात्यांच्या रक्तातून काढलेले प्लाझ्मा आणि क्रायो घेतलेले असल्याने हिपॅटायटिस सीची तपासणी हवी. रक्तदाब वाढलेला, आणि याच्या बाबतीत वाढता रक्तदाब म्हणजे मेंदूत रक्तस्रावाचा धोका. उद्या छातीत दुखले तर? हृदयविकाराच्या झटक्यात कुठलाही फिजिशियन पहिल्या पाच मिनिटांत अॅस्पिरिन देतो; या माणसात ती फॅक्टरचे संरक्षण न देता सहज देऊन टाकण्याची गोळी नाही. दाढ काढायची तर दंतवैद्य हात लावत नाही, कारण फॅक्टर आणि ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड यांचा मेळ घालून तो दात काढता येतो हे त्याला कुणी लिहून दिलेले नाही. मुलीचे लग्न ठरते आहे. बाप रुग्ण असला की त्याची प्रत्येक मुलगी वाहक असतेच, मुलगे सुटतात. तिच्या पाळीतला जादा रक्तस्राव आजवर कोणी विचारातच घेतलेला नाही, कारण ‘हा पुरुषांचा आजार’. ती गरोदर राहील तेव्हा प्रसूतीला चिमटा किंवा व्हॅक्यूम टाळायचा, हे कुणीतरी आधीच लिहून ठेवायला हवे.

ही सगळी एकाच आजाराची कामे आहेत. बारा वर्षांच्या रेघेवर फाइल बदलली की त्यांतली निम्मी सांडतात. डे-केअर केंद्राचे मोठेपण मला इथे दिसते: फॅक्टर घ्यायला तीन वर्षांचे पोर आणि त्याचा पंचेचाळीस वर्षांचा मामा एकाच खोलीत येतात. तिथला डॉक्टर कागदोपत्री कुठल्या विभागाचा आहे याला मग फारसा अर्थ राहत नाही. काम करता करता त्याला दोन्ही वये शिकावी लागतात. अलीकडे एमिसिझुमॅब हे त्वचेखाली टोचायचे औषध आले आणि शीर शोधायचा त्रास वाचला. त्याचीही एक खोड आहे. हे औषध घेणाऱ्याची एपीटीटी ही नेहमीची तपासणी नॉर्मल दिसते आणि अनभिज्ञ डॉक्टर समजतो की रक्त व्यवस्थित गोठते आहे. ही गोष्ट दोन्ही विभागांच्या रेसिडेंटला ठाऊक हवी, कारण अपघात झालेला मुलगा रात्री दोन वाजता कुठल्या विभागाच्या हाती लागेल हे सांगता येत नाही.

दार कुठले मिळाले याने आयुष्य ठरते, याचा सर्वांत बोचरा पुरावा रक्ताच्या कर्करोगात सापडला. अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा मुख्यतः मुलांचा आजार, पण पौगंडावस्थेतही होतो. सोळा ते वीस वर्षांची मुले अमेरिकेत कधी मुलांच्या कॅन्सर विभागात जात, कधी मोठ्यांच्या; कुठे जायचे हे बहुधा गावातला डॉक्टर कुणाला चिठ्ठी लिहितो यावर ठरे. दोन्हीकडच्या जुन्या नोंदी शेजारी ठेवून केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वयाची, एकाच आजाराची मुले. सात वर्षांनी आजार न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण मुलांच्या पद्धतीने उपचार झालेल्यांत ६३ टक्के, मोठ्यांच्या पद्धतीने झालेल्यांत ३४ टक्के. फ्रान्समध्येही २००३ साली जवळपास हेच दिसले होते: पाच वर्षांनी ६७ आणि ४१.

बालरोगवाल्यांकडे कुठलेही गुप्त औषध नव्हते. अॅस्पॅराजिनेज, व्हिन्क्रिस्टीन, स्टेरॉइड हीच औषधे, पण ते ती जास्त देत आणि मेंदूच्या आवरणातला आजार रोखायचे उपचार लवकर सुरू करत. शिवाय, निदान माझ्या समजुतीप्रमाणे, ते वेळापत्रकाला जास्त चिकटून राहत. मुलांच्या वॉर्डात मंगळवारची मात्रा मंगळवारीच जाते, आई दारात उभी असते. मोठ्यांच्या विभागाला साठीच्या रुग्णांची सवय, त्यांना तितके विष सोसत नाही, म्हणून हात आखडता. तो आखडलेला हात अठरा वर्षांच्या धडधाकट पोरालाही लागू झाला. कुणाचाही दोष नाही, प्रत्येकजण आपल्या शिक्षणाप्रमाणे वागत होता. तेच तर दुखणे.

या बाबतीत मुंबईने अजाणता बरेच शहाणपण दाखवले होते. सातारा-सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून माणसे ज्या टाटा रुग्णालयात जातात, तिथे डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी, मज्जा तिच्या भावाची. अडवाणी मोठ्यांचे कॅन्सरतज्ज्ञ, पण ल्युकेमियाची मुलेही त्यांच्याच हाताखाली असत. पुढे टाटात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने एमसीपी ८४१ नावाची उपचारपद्धती राबवली गेली, ती पंचवीस वर्षांखालच्या सगळ्या रुग्णांसाठी. बारा नव्हे, अठरा नव्हे, पंचवीस. डॉक्टर कमी आणि रुग्ण फार, म्हणून वयाची भिंत घालायला सवडच नव्हती, असेही म्हणता येईल. टंचाईतून कधी कधी बरे निघते.

दोन्ही वयांचा डॉक्टर घडवण्याचे काम अमेरिकेने कागदावर आणले. १९६७ मध्ये मेडिसिन आणि बालरोग या दोन मंडळांनी मिळून एक संयुक्त प्रशिक्षण मान्य केले. एकेक शाखा तीन वर्षांची, दोन्ही केल्या तर सहा. संयुक्त कार्यक्रमात चार वर्षांत दोन्ही परीक्षांना बसता येते. शिकणारा डॉक्टर दर तीन-चार महिन्यांनी पलीकडे जातो: आज नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, दिवाळीनंतर हार्ट फेल्युअरचे रुग्ण. तिथले लोक याला मेड-पेड्स म्हणतात. त्यापुढे कुणाला संधिवात, संसर्गरोग, हृदयरोग अशा एखाद्या उपशाखेतही दोन्ही वयांचा तज्ज्ञ व्हायचे असेल, तर तेही जमवतात. मोठ्यांच्या संधिवाताची दोन वर्षे, मुलांच्या संधिवाताची तीन. बेरीज पाच, पण संशोधनाचा काळ दोन्हीकडे धरून चार वर्षांत संपवता येते. त्यासाठी दोन्ही मंडळांची आधी परवानगी लागते.

हे ऐकायला छान आहे, आणि महागही. एमबीबीएसनंतर आठ वर्षे शिकणारा माणूस शेवटी मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत राहतो. शिवाय नोकरी देणारी संस्था त्याला एकाच विभागाच्या पगारपत्रकावर घेते आणि हळूहळू तो त्याच बाजूचा होतो. म्हणून मला अमेरिकेतलेच दुसरे, कमी गाजलेले उदाहरण जास्त उपयोगाचे वाटते. अॅलर्जी आणि प्रतिकारशास्त्राचे तिथले मंडळ १९७१ मध्ये मेडिसिन आणि बालरोग या दोघांनी मिळून काढले. आत यायला दोन्हींपैकी कुठलीही एक पदवी चालते. आत आल्यावर मात्र दोन्ही वयांचे रुग्ण बघावेच लागतात आणि परीक्षा एकच.

आता आपली डीएमची, म्हणजे एमडीनंतरच्या उपशाखेच्या पदवीची, व्यवस्था बघा. हृदयरोग आणि मेंदूविकार या डीएमसाठी एमडी मेडिसिनइतकाच एमडी बालरोगही पात्र धरला जात आला आहे. रक्तविकाराच्या डीएमला मेडिसिन, बालरोग आणि पॅथॉलॉजी अशी तिन्हीकडून माणसे येतात. कॅन्सरच्या डीएमलाही बालरोगवाला चालतो. म्हणजे अमेरिकेने अॅलर्जीसाठी खास मंडळ काढून जे केले, त्यातली प्रवेशाची अर्धी बाजू आपल्याकडे बऱ्याच शाखांत होतीच. सांगली-मिरजेत फिट्स येणारे मूल आणि पक्षाघाताची आजी एकाच न्यूरॉलॉजिस्टच्या दारात बसतात ते यामुळे. दहा वर्षांचा रुग्ण तिथे विशीत, तिशीत जातो आणि डॉक्टर बदलत नाही. बारा वर्षांची रेघ त्या दारात कुणी ओढलेली नाही.

कमी पडतो तो पुढचा भाग. मेडिसिनमधून आलेल्याने तीन वर्षांत मुले किती महिने बघायची, बालरोगातून आलेल्याने मोठ्यांची काय काय कामे स्वतः करायची, हे अभ्यासक्रमात असते पण ढोबळ, आणि प्रत्यक्षात त्या संस्थेत कोण रुग्ण येतात यावर ठरते. जिथे मुलांचा वॉर्ड बाजूच्या इमारतीत आहे तिथे ती इमारत बाजूचीच राहते. आता तर सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा गटवार होते, बालरोगाचा गट स्वतंत्र आहे, आणि बालहृदयरोग, बालमेंदूविकार, बालमूत्रपिंडविकार अशा निराळ्या डीएम वाढत आहेत. महानगरात हे योग्यच आहे. निळ्या पडलेल्या नवजात बाळाला बालहृदयरोगतज्ज्ञच हवा. पण प्रत्येक उपशाखेचे असे दोन तुकडे पडत गेले, तर जिल्ह्याच्या ठिकाणी दोन तज्ज्ञ कधीच येणार नाहीत. जो येईल तो बहुधा मोठ्यांचा असेल, कारण दवाखाना चालतो तो मोठ्यांवर.

हृदयाच्या दुखण्यात ही फट किती रुंद आहे हे संधिवाती हृदयविकारात दिसते. पाच ते पंधरा या वयात घशाला स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग होतो, सांधे सुजतात, काही मुलांत हृदयाच्या झडपा बिघडतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. शाळेत येणारी त्याची तपासणी पथके जे आजार शोधतात त्यांत हा आहे. समजा सातवीतल्या मुलीची झडप सापडली. उपाय स्वस्त: बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, नवा हल्ला होऊ नये म्हणून. किती वर्षे? झडप कायमची बिघडलेली असेल तर किमान दहा वर्षे किंवा चाळिशीपर्यंत, यांतला जो काळ मोठा असेल तोवर. कार्यक्रम मात्र अठराव्या वर्षी संपतो. विसाव्या वर्षी लग्न, एकविसाव्या वर्षी गरोदर. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते, आखडलेल्या मायट्रल झडपेतून ते पुढे जात नाही, आणि सातव्या महिन्यात मुलगी रात्री उठून बसू लागते. स्त्रीरोगतज्ज्ञाला वाटते अॅनिमिया. सातवीतला कागद माहेरच्या ट्रंकेत आहे.

जन्मजात हृदयदोषांबाबत इंग्लंडला हा प्रश्न आपल्या आधी पडला. शस्त्रक्रियेने वाचलेली मुले मोठी होऊ लागली तेव्हा डॉ. जेन सॉमरव्हिल यांनी १९७५ मध्ये लंडनच्या नॅशनल हार्ट हॉस्पिटलमध्ये अशा तरुण-प्रौढांसाठी वेगळा वॉर्ड सुरू करून घेतला. अमेरिकेने त्यासाठी उपशाखाच केली. पहिली परीक्षा २०१५ मध्ये झाली. मुलांचा हृदयरोगतज्ज्ञ असो वा मोठ्यांचा, दोघांनाही तीत येता येते, दोन वर्षे जास्त शिकून. मुलांचा तज्ज्ञ झडपांची आणि छिद्रांची रचना जाणतो, पण पन्नाशीतल्या बंद धमनीला घाबरतो. मोठ्यांच्या तज्ज्ञाला धमनी पाठ असते, पण तिसऱ्या वर्षी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर रक्त नेमके कुठून कुठे वाहते ते कागदावर काढता येत नाही. दोन वर्षांत दोघे एकमेकांची बाजू शिकतात.

सातारा-सांगलीत उद्या असे दोन वर्षांचे अभ्यासक्रम निघतील अशी आशा मी धरत नाही. पण शिकवायला जागा आहे. मिरजेच्या शासकीय महाविद्यालयाला मिरज आणि सांगली अशी दोन मोठी रुग्णालये जोडलेली आहेत. कराडचे कृष्णा महाविद्यालय १९८४ पासून आहे आणि साताऱ्याचे नवे शासकीय महाविद्यालय २०२१ पासून. आणि एक नियमही हाताशी आहे: एमडी-एमएसच्या विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढलेच पाहिजेत, त्याला डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी म्हणतात. हे तीन महिने बऱ्याच ठिकाणी नुसती हजेरी भरण्यात जातात, अशी तक्रार विद्यार्थी स्वतःच करतात. मेडिसिनचा एक आणि बालरोगाचा एक असे दोन विद्यार्थी एकाच वेळी साताऱ्याच्या हिमोफिलिया केंद्रात, किंवा शाळा-तपासणीतून आलेल्या हृदयरोगाच्या मुलांवर नेमता येतील. बालरोगाच्या विद्यार्थ्याने तिथे चाळिशीच्या रुग्णाचा रक्तदाब आणि यकृत सांभाळावे, मेडिसिनच्या विद्यार्थ्याने दोन वर्षांच्या मुलाची शीर शोधावी. अठरा पूर्ण होणाऱ्या प्रत्येकासाठी दोघांनी मिळून मराठीत एक पान लिहावे: आजार काय, मात्रा किती, कुठले औषध चालत नाही, पुढचे इंजेक्शन कधी आणि ते गावाजवळ कुठे मिळेल. पानाची एक प्रत घरी, एक तालुक्याच्या दवाखान्यात. याला नवी पदवी किंवा नवी पदे लागत नाहीत. दोन विभागप्रमुखांनी एका वेळापत्रकावर सही केली की पुढच्या तुकडीपासून सुरू करता येते.